भाताच्या मातीत वांगी

मे महिन्यात आमच्या खालच्या खाचराला पडलेल्या भेगेत हात घातला तर मनगट आत जातं. जुलैत त्याच जागी पाय ठेवला तर चप्पल आत राहते आणि पाय तेवढा वर येतो. या दोन टोकांच्या मध्ये माती हाताला धड वाटावी असे दिवस येतात, पण मोजकेच. पाऊस ओसरतो, वरचं पाणी उतरतं, खालची ओल राहते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि टिचकी मारली की तो फुटतो. हा वापसा. माळाच्या हलक्या जमिनीत तो बरेच दिवस पुरतो. चिकण खाचरात मात्र आज चिखल असतो आणि चार दिवसांनी ढेकूळ. मधला दिवस हुकला की हुकला.

अशा मातीत मला वांगी, टोमॅटो, दुधी आणि जमलं तर दोन-चार आंब्याची झाडं हवी होती. शेजारच्या शेताचे तात्या बांधावर उभे राहून माझी खुरपी बघत होते. म्हणाले, "ही भाताची माती हाय, ताई. तिला वांग्याची सवय नाय." हे वाक्य मी नंतर पुष्कळांना ऐकवलं आहे, कारण या मातीचं इतकं नेमकं निदान मला कुठल्या बागकामाच्या पुस्तकात सापडलं नाही. पुस्तकं म्हणतात, तुमची माती जड आहे. तात्या म्हणत होते, तिला जड ठेवलेली आहे.

हे शेत भिवपुरीचं. भिवपुरी म्हटलं की मुंबईकरांना लोकलचं भिवपुरी रोड स्टेशन आठवतं, नेरळ आणि कर्जतच्या मधलं. पावसाळ्यात धबधब्यावर जाणारी पोरं तिथे उतरतात. मूळ भिवपुरी तिथून बरंच आत, सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. टाटांचं वीजघर तिथेच, 1922 साली सुरू झालेलं. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदी अडवून ठोकरवाडीचा जलाशय झाला. तिथलं पाणी नळांतून खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि काम संपल्यावर मोकळं सुटतं. त्यातलं काही राजनाल्याच्या कालव्याने शेतांत जातं. त्या जोरावर तालुक्याच्या एका पट्ट्यात पावसाळी भातानंतर उन्हाळी भातही होतं. मुंबईला वीज आणि कर्जतला दुबार भात, असा हा व्यवहार आहे. भाजी लावू पाहणाऱ्याने त्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी: दुबार भात म्हणजे दुबार चिखलणी.

चिखलणी बघताना मजेची वाटते. राबावर, म्हणजे भाजून घेतलेल्या जागेत, पेरलेलं आवण (भाताची रोपं) तयार होईपर्यंत खाचरात पाणी तुंबवलेलं असतं. मग त्या उभ्या पाण्यात नांगर, आता बहुतेक ठिकाणी पॉवर टिलर, उभा-आडवा फिरतो. मातीचे रवे फुटतात, रव्यांमधल्या हवेच्या वाटा बुजतात आणि सगळ्याचा मऊ रबडा होतो. वरून फळी फिरते. रबडा निवायला लागला की जाड कण आधी तळाला जातात आणि सगळ्यात बारीक चिकण कण शेवटी बसतात. त्यांचा वर लेप तयार होतो. नांगराच्या फाळाच्या खाली, वीतभर खोलीवर, बैलांच्या खुरांनी आणि आता यंत्रांच्या चाकांनी दाबून दाबून एक टणक थर बनतो. यातलं काहीही अपघाताने होत नाही. पाणी खाली झिरपून जाऊ नये, तण गुदमरावं, आवण बोटाने खोचता यावं, म्हणून माणसं पिढ्यान्पिढ्या हे करत आली. कर्जतला वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो सांगून पडत नाही. श्रावणातल्या उघडिपीत खाचर कोरडं पडू नये, म्हणून मातीची घडण स्वतःच्या हाताने मोडावी लागते.

भाताला ते मानवतं. त्याच्या खोडात आणि मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात, त्यामुळे पानांतून घेतलेली हवा चिखलातल्या मुळापर्यंत पोहोचते. वांग्याला ही सोय नाही. त्याच्या मुळांना हवा मातीतल्या पोकळ्यांतून मिळते. त्या पाण्याने भरल्या की दोन दिवसांत झाड मान टाकतं आणि पाण्यात उभं असूनही वाळल्यागत दिसतं. नवखा माणूस ते बघतो आणि आणखी पाणी घालतो.

असं पाणी लागलेलं एक वांगं मी उपटून पाहिलं होतं. सोटमूळ सरळ खाली गेलं होतं, वीतभर. मग एखाद्या फरशीला टेकावं तसं काटकोनात वळून आडवं पसरलं होतं, आणि वळणापाशी जाड होऊन काळवंडलं होतं. टणक थर नेमका किती खोलीवर आहे हे सांगायला मला दुसरं कुठलं यंत्र लागलं नाही. तुमच्या शेतातलं मेलेलं झाड फेकण्यापूर्वी त्याचं मूळ धुऊन बघा. तो फुकटचा अहवाल असतो.

प्रयोगशाळेचे अहवालही मिळतात, आणि ते घ्यावेतही. 2015 पासून केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू, सेंद्रिय कर्ब असे 12 घटक मोजून देतात. पत्रिका उपयोगाची आहे, पण त्या 12 घटकांत माती किती दाबली गेली आहे, तिच्यात हवा खेळते की नाही, पाणी किती वेळात मुरतं, यातलं काहीच येत नाही. सगळे आकडे चांगले आणि वांगं मेलेलं, असं होऊ शकतं. निचरा कळायला एक खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, तो रिकामा झाला की पुन्हा भरायचा आणि दुसऱ्यांदा भरलेलं पाणी किती वेळात उतरतं ते बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात तुमचा चेहरा दिसत असेल तर खत कुठलं घालायचं हा प्रश्न पुढचा.

चिकण मातीचं नाव काढलं की पहिला सल्ला वाळूचा मिळतो. मुंबईहून शनिवार-रविवार येणाऱ्या मंडळींत तो फार लोकप्रिय आहे. माती घट्ट, वाळू मोकळी, दोन्ही मिसळली की मधलं काहीतरी होईल, असा साधा हिशेब. चिकण मातीचा कण मिलीमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान असतो. एवढ्या बारीक कणांच्या गर्दीत थोडी वाळू टाकली तर ती सुट्टी राहत नाही. चिकण माती तिच्या प्रत्येक कणाभोवती भरून बसते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा कडक होते. वाळूने खरंच फरक पडायला हवा असेल तर मातीच्या जवळजवळ निम्मी वाळू लागेल. एक गुंठा जागेचा सहा इंचांचा थर म्हणजे साधारण साडेपाच ब्रास माती. तिच्या निम्मी म्हणजे पावणेतीन ब्रास वाळू, एका गुंठ्याला. दहा गुंठ्यांच्या फार्महाऊसचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि एवढी वाळू येणार कुठून? उल्हास नदीच्या पात्राचे काय हाल झाले आहेत ते पुलावरून जाताना दिसतं. टोमॅटोसाठी नदी खरवडायची असेल तर बाजारातून टोमॅटो आणावेत.

जिप्समचाही असाच बोलबाला आहे. मातीत सोडियम साठून ती चोपण झाली असेल, तर जिप्सम गुण देतं. देशावरच्या कालव्याखालच्या कित्येक जमिनींना ते लागतं. आमच्या भागात इतका पाऊस धुऊन जातो की सोडियम साठायला जागाच नाही. इथली माती उलट आंबटपणाकडे झुकलेली असते. मातीच्या दुखण्याचं नाव एकच असलं तरी कारण वेगळं असतं, आणि औषध कारणावर चालतं.

इंग्रजी पुस्तकांतला तिसरा उपाय तर आपल्याकडे अशक्यच आहे. शरदात खणून ढेकळं तशीच टाका, हिवाळ्यात ढेकळांतलं पाणी गोठेल आणि ती आपोआप भुसभुशीत होतील. भिवपुरीत जानेवारीतल्या पहाटे शेकोटीभोवती बसण्याइतकी थंडी पडते, पाणी गोठत नाही. तिकडे जे काम बर्फ करतो ते इकडे ऊन करतं. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून झालेली ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मेमधल्या त्या मनगट बुडवणाऱ्या भेगा म्हणजे मातीने स्वतःला केलेली खोल नांगरट. ती वाया घालवू नये. मेच्या शेवटी भेगाळलेल्या जमिनीवर कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा पसरला की वळवाच्या पहिल्या सरी त्यातलं बरंच भेगांतून खाली नेतात, टणक थरापर्यंत. जूनमध्ये भेगा मिटतात आणि खत आत राहतं. मजूर लागत नाही, यंत्र लागत नाही, पाऊस वेळेवर मात्र लागतो.

आमच्या भागात भाजी कुठे पिकत आली आहे, हे नीट पाहिलं तर निम्मी उत्तरं तिथेच आहेत. सखल जागेत भात आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी ही जुनी वाटणी. पावसाळ्यात कर्जत-नेरळच्या बाजारात ठाकरवाड्यांमधल्या बायका काकड्या, शिराळी, कारली, घोसाळी घेऊन बसतात. तो माल डोंगर-उताराच्या मांडवांचा असतो. तिथे पाणी थांबतच नाही. अशाच एका आजींना मी विचारलं की खाली सपाटीला वेल का लावत नाही. "बाय, खाली पाय कुजतो, तर वेल नाय कुजणार?" त्यांनी काकडी माझ्या पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

आणि सपाटीवरही भाताशिवाय दुसरं पीक होतंच, फक्त ते आपल्या नजरेतून सुटतं. ते बांधावर असतं. जुलैत खाचरात आवणी चाललेली असते तेव्हा बांधावर तूर टोकलेली असते. कुणी भेंडी लावतं, कुणी गणपती-दसऱ्यासाठी झेंडू. बांधाची माती खाचरातलीच, पण ती फूट-दीड फूट वर उचललेली आहे, तिची चिखलणी होत नाही, तिच्यावर गवत वाढतं, मरतं, कुजतं. पाणी दोन्ही बाजूंनी उतरून जातं. पुस्तकांत ज्याला गादीवाफा म्हणतात आणि ज्याची महागडी लाकडी चौकट करून देणारे लोक आता फार्महाऊसच्या दारात येतात, तो आमच्या गावात कित्येक पिढ्या आडवा-उभा पसरलेला आहे. खेकडे त्यात बिळं करतात तेव्हा भातवाला शिव्या घालतो, कारण त्याचं पाणी फुटतं. भाजीवाल्याने त्यांना हात जोडावेत.

राबाचंही असंच आहे. पालापाचोळा, शेण, झाडांच्या फांद्या पसरून आवणाची जागा भाजायची, ही रीत गोऱ्या अधिकाऱ्यांना रानटी वाटत असे आणि जंगल खातं आजही तिच्याकडे तिरकं बघतं. पण राबाच्या जागेतली माती हातात घेऊन पाहावी. धग लागलेल्या वरच्या थराचा चिकटपणा मोडलेला असतो, तणाचं बी मेलेलं असतं, आवण उपटताना मुळं न तुटता अलगद सुटतं. एवढ्या छोट्या जागेपुरती शेतकऱ्यानेही चिकण माती मोकळी करून घेतलेली असते. मला राबाची पद्धत पुढे न्यायची नाही. जो पाला मातीत जायचा तो धुरात जातो, आणि डोंगर ओरबाडले जातात ते वेगळंच. मात्र भाजलेल्या चिकण मातीचा गुण शेतकऱ्याला ठाऊक होता हे नाकारण्यात अर्थ नाही. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणात चारसूत्री भातशेती रुजवली, तेव्हा रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख आणि शेतात बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, ही पहिली दोन सूत्रं ठेवली. राबातलं चांगलं तेवढं घेतलं आणि झाड तोडणं टाळलं.

तुसाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. गिरणीच्या मागे तुसाचा ढीग असतो. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वीटभट्टीवाला. उल्हासच्या काठाने भट्ट्या आहेत, आणि त्यांची माती कुठून येते तर कित्येकदा खाचरांतून. शेतकरी वरचा थर विकतो, चार पैसे हाती येतात आणि ज्या थरात पिढ्यान्पिढ्यांचं शेण-गोमूत्र जिरलं होतं त्याच्या विटा होतात. त्याच विटांना भाजायला त्याच शेताचं तूस. या मातीत किती ताकद आहे हे बांधकामवाल्यांना भाजीवाल्यांच्या आधी कळलं. मी मिळेल तेव्हा तूस आणते. त्यात वाळूसारखाच सिलिका भरपूर असल्याने ते सावकाश कुजतं, दोन पावसाळे सहज काढतं आणि तोवर कणाकणांत जागा राखून ठेवतं. जे काम लोक वाळूकडून मागतात ते तूस करतं, आणि जाताना मातीला काही देऊन जातं. कच्चं तूस मात्र एकटं घालू नये. कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. सोबत शेणखत हवंच.

जड काळ्या मातीवर आणि टाकाऊ पाल्यावर आपल्या देशात झालेलं सगळ्यात गाजलेलं काम इंदूरचं. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 तिथे होते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात तुंबायची आणि उन्हाळ्यात फाटायची, म्हणजे आमच्या खाचराची थोरली बहीण. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ते ठरावीक वेळी उलटवून तीन महिन्यांत खत करायची पद्धत त्यांनी बसवली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. 1931 साली त्यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्डसोबत यशवंत वाड यांचंही नाव आहे. हॉवर्डना आज सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष म्हणतात, वाडांचं नाव आपल्या मराठी लेखांतूनही क्वचित येतं. हॉवर्डनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे की त्यांचे गुरू इथले शेतकरी आणि पिकावरची कीड. मग निदान आपण तरी वाडांना विसरू नये.

खत चिकण मातीचं नक्की करतं काय? खतावर जगणारे जिवाणू आणि बुरशी चिकट द्रव सोडतात, त्याने बारीक कण एकमेकांना धरून रवे होतात. रव्यांमध्ये पोकळ्या राहतात, पोकळ्यांतून हवा जाते, पाणी उतरतं. चिकण मातीचा कण तेवढाच बारीक राहतो, फक्त तो आता एकटा नसतो. गांडुळं हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. डार्विनने 1881 साली गांडुळांवर पुस्तक लिहिलं, त्यात इंग्लंडच्या कित्येक जमिनींत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून वर येते असा हिशेब मांडला. आमच्याकडे चिखलणी झालेल्या खाचरात गांडूळ दिसत नाही, बांधाला दिसतं. शिवाय इथल्या उष्ण-दमट हवेत खत फार भरभर जळून जातं. गारठ्याच्या देशात एकदा घातलेलं वर्षानुवर्षं पुरत असेल, इथे एका पावसाळ्यात निम्म्याहून जास्त नाहीसं होतं. म्हणून एकदाच ट्रकभर ओतून मोकळं होण्यात हशील नाही. दरवर्षी थोडं, आणि वरून. चपात्यांच्या चवडीत तूप मुरतं तसं ते आपापलं खाली जातं, उकरून मिसळण्याची गरज नसते.

उकरूच नये, असं म्हणणारे आता एकटे राहिलेले नाहीत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षं लिहीत आले की पिकाची मुळं उपटून फेकू नका, जागच्या जागी कुजू द्या, जमिनीला लागणारं खत तिथेच आहे. आमच्या तालुक्यात नेरळजवळच्या सगुणाबागेचे शेखर भडसावळे यांनी भातातच हे करून दाखवलं. त्यांचं सगुणा राईस तंत्र, शेतकऱ्यांच्या तोंडी एसआरटी. चिखलणी नाही, आवणी नाही. साधारण मीटरभर रुंद माथ्याचे गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून भात टोकायचं, कापणीनंतर बुडखे आणि मुळं तशीच ठेवायची आणि त्याच वाफ्यांवर रब्बीला वाल, हरभरा किंवा भाजी घ्यायची. पुढच्या वर्षी पुन्हा भात, पुन्हा नांगराशिवाय. कुजलेल्या मुळांच्या नळ्या मातीत राहतात आणि गांडुळं परत येतात. ज्या भातासाठी माती इतकी वर्षं मोडली ते भात माती न मोडताही येतं, हे दाखवणं माझ्या मते या तालुक्यातल्या शेतीतलं मोठं काम आहे. त्यातलं एकच मला खुपतं, तणनाशकावर ठेवलेली भिस्त. नांगर बाद केला की तण आवरणार कोण, हा प्रश्न खराच आहे. माझ्या टीचभर वाफ्यांना विळा पुरतो. ज्याची एकर-दोन एकर शेती आहे आणि ज्याला मजूर मिळत नाही, त्याला विळ्याचं कौतुक सांगायला मी जाणार नाही.

माझे वाफे याच चालीचे आहेत. पायवाटेची माती उचलून वाफ्यावर टाकली, त्याने वाट खोल झाली आणि तोच पाण्याचा पाट झाला, उताराकडे नेऊन सोडलेला. वाफ्यावर पाय द्यायचा नाही, नातवंडांनीसुद्धा नाही. चिकण माती ओली असताना एक पाऊल पडलं तरी तिथला रवा मोडतो. वर शेणखत, तूस, गिरिपुष्पाचा पाला, आणि सगळ्यावर पेंढ्याचं जाड आच्छादन. पेंढ्याने दोन कामं होतात: जुलैतला मारा मातीवर सरळ बसत नाही, आणि मार्चमध्ये ओल टिकते म्हणून भेगा पडत नाहीत. पावसाळ्यात मी या वाफ्यांवर वांगी, भेंडी, मिरची घेते. टोमॅटो भर पावसात लावत नाही. त्याला कोकणातला आषाढ सोसत नाही आणि त्यात मातीचा काही दोष नाही.

खरं काम मात्र रब्बीत होतं. नोव्हेंबरात भात कापलं की खाचरात ओल असते. त्या ओलीवर वाल टाकतात. वर पाण्याचा थेंब लागत नाही, दवावर आणि खालच्या ओलीवर पीक येतं. वालाच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्याचं मूळ आकसणाऱ्या मातीच्या मागोमाग खाली उतरत जातं, हे मी खणून पाहिलं आहे. जिथे वांग्याचं मूळ वळलं होतं त्या थरातल्या बारीक चिरेतून वालाचं मूळ पलीकडे गेलेलं होतं. बारीक, पण पलीकडे. ते मेलं की वाट उरते, पुढच्या पिकाचं मूळ त्याच वाटेने जातं. जानेवारीत त्या शेंगांची पोपटी होते, भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेली. माती सुधारण्याच्या कुठल्याही दुसऱ्या उपायात ही सोय नाही.

भातानंतरची ओल आणि भाताचीच माती यांवर रायगडचा एक मोठा नमुना उभा आहे. अलिबागचा पांढरा कांदा भात निघाल्यावर त्याच शेतांत लावतात. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भाताची माती भाजी देत नाही असं म्हणणाऱ्याला त्याची एक वेणी आणून दाखवावी.

फळझाडांचं लवकर सांगून टाकते. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातले उजाड वरकस माळ आंबा-काजूने भरून टाकले. तेव्हापासून मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. माळाच्या मुरमात ते बरोबर. खाचरात तसा खड्डा खणून त्यात पोयटा भरला की पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्या मऊ जागेत गोळा होतं आणि बाहेर जायला वाट नसते. खड्ड्याचा हौद होतो आणि कलम त्यात बुडून मरतं. सपाटीला कलम लावायचंच असेल तर खड्डा न करता मातीचा उंचवटा करून त्यावर लावावं, किंवा सरळ रुंद बांधावर. पपई सपाटीला नकोच, तिचं बूड लगेच कुजतं. केळ, पेरू थोडं सोसतात. आंबा हवा असेल आणि वरच्या अंगाला जागा असेल, तर तिथे लावा आणि खालच्या खाचराला भात पिकवू द्या.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. भिवपुरी, कर्जत, खालापूरच्या पट्ट्यात आता खाचरं गुंठ्यांनी विकली जात आहेत. घेणारा माणूस प्रेमाने घेतो, त्याला मातीत हात घालायचा असतो. पहिल्याच उन्हाळ्यात तो डंपर बोलावतो, चार फूट मुरमाचा भराव टाकतो, वर बाहेरून आणलेली लाल माती पसरतो. भरावाने शेजारच्या शेताचं पाणी अडतं, पुढच्या जुलैत तिथलं भात कुजतं आणि दोन घरांत बोलणं बंद होतं. भरावावरची लाल माती दोन पावसाळ्यांत वाहून जाते, खाली दबलेली काळी माती कायमची जाते. भांडवलच पुरून टाकलं, असा हा प्रकार.

नवीन जमीन घेतलेल्यांना एवढीच विनंती आहे. पहिलं वर्ष डंपर बोलावू नका, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते एका पावसाळ्यात छत्री घेऊन बघा, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. भात कुणाला तरी करायला द्या. नोव्हेंबरात कापणी झाली की ओल आहे तोवर वाल टाका. वाफे पुढच्या वर्षी करा, आणि वांगी त्याच्या पुढच्या पावसाळ्यात.